घाटातील बारीचा जमाखर्च

सह्याद्रीच्या धारेवरून उतरून पूर्वेकडे वाहत गेलेल्या कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत जुन्नर आणि आंबेगाव हे जे दोन तालुके वसले आहेत, त्यांचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा नाणेघाटातील नागनिकेच्या शिलालेखापासून आरंभ करतो, तेथल्या दगडी रांजणापाशी क्षणभर थबकून सातवाहनकालीन जकातीचे स्मरण करतो, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो आणि शिवनेरीवर येऊन कृतार्थ होतो. या राजमार्गावर गावकुसाबाहेरचा, दोन्ही बाजूंनी बांध घातलेला, चढणीचा तो अरुंद पट्टा कोठेच लागत नाही, ज्याला येथील लोक घाट म्हणतात आणि ज्याच्या चढावर चैत्र-वैशाखातल्या यात्रांत गाडे पळतात. राजांच्या दानधर्माची नोंद कातळावर राहिली. रयतेने आपल्या हौसेवर काय खर्च केला त्याची नोंद यात्रेच्या वर्गणीच्या वह्यांत राहिली, आणि त्या वह्या वाळवीला फार प्रिय असतात.

बैलगाड्याच्या शर्यती महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होतात. परंतु विदर्भातील शंकरपट किंवा सातारा-सांगलीकडील दोन बैलांचा छकडा पाहिलेल्या माणसास जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातील गाडा प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटेल. येथे एका हलक्या गाड्यास चार बैल जुंपतात, पुढची जोडी जुकाटाला आणि मागची धुरेला. त्यांच्याही पुढे घोडी धावते व तिच्यावर स्वार असतो, पण खुद्द गाड्यावर मात्र हाकणारा कोणीही नसतो. गाडा सुटला की चार बैल घोडीच्या मागोमाग चढण चढत जातात आणि अकरा-बारा सेकंदांत सारा प्रकार आटोपतो. या एका धावेस बारी म्हणतात. भिर्रर्र असा पुकारा होतो, भंडारा उधळला जातो, आणि वर्षभराच्या मशागतीचा, खुराकाचा व उसनवारीचा निकाल डोळ्यांची पापणी दोनचारदा लवेपर्यंत लागलेला असतो. खर्चाच्या मानाने इतका अल्पजीवी आनंद देणारा दुसरा शौक मला ठाऊक नाही. लग्नातील आतषबाजीदेखील याहून अधिक वेळ टिकते.

गाडा घाटात उतरविण्यास आज जो खर्च येतो, त्याविषयी या दोन तालुक्यांत पारापारावर तक्रार ऐकू येते आणि तिचा सगळा रोख टोकनावर, प्रवेशाच्या रकमेवर, सरकारी कागदपत्रांवर आणि यात्रा कमिटीच्या कारभारावर असतो. मला ही तक्रार खरी वाटते, पण तिचे निदान चुकीचे वाटते. आणि ते का चुकीचे हे समजण्यासाठी गाड्याचा बैल पूर्वी गाड्याचा बैल नव्हताच, तो शेतीचा बैल होता, येथून आरंभ करावा लागतो.

ज्या काळी नांगर, मोट, कुळव, पाभर आणि मळणी ही सारी कामे बैलाच्याच खांद्यावर होती, त्या काळी यात्रेच्या दिवशी गाड्यास जुंपलेला बैल हा आदल्या आठवड्यापर्यंत शिवारात राबलेला असे, आणि त्याच्या वैरणीचा, पेंडीचा व पाण्याचा भार शेतीच्या हिशेबात आधीच पडलेला असल्यामुळे शर्यतीच्या नावावर निराळा असा खर्च फारसा उरतच नसे. गाडा पळे तो देवाच्या नावाने. घरातील दुखणेकरी बरा झाला, विहिरीस पाणी लागले, पोराचे लग्न जमले, म्हणजे ग्रामदैवतापुढे गाडा पळविण्याचा नवस फेडावयाचा, हा त्यातला मूळ भाव होता. थापलिंगच्या खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा असो की गावोगावच्या भैरवनाथाच्या व मुक्तादेवीच्या चैत्रातल्या यात्रा असोत, नवसाच्या गाड्याकडे प्रवेशाचे दाम कोण मागणार? गाडा सुतार घडवी आणि धाव लोहार चढवी, व त्यांचे मोल सुगीच्या वेळी खळ्यावर बलुत्याच्या रूपाने पोचते होई. दूरच्या गावची यात्रा असेल तर बैल रात्रीच्या गारव्यात पायीच नेत, वाटेत एखाद्या पाहुण्याच्या दावणीस बांधीत आणि यात्रा उरकली की पुन्हा पायीच परत आणीत. बक्षीस म्हणजे फेटा, नारळ, फार तर एखादे भांडे. आणि सर्वांत मोठे बक्षीस म्हणजे पुढली यात्रा येईपर्यंत चावडीवर आपल्या बैलाचे नाव निघत राहणे.

या चित्रास मी सोन्याचा मुलामा देऊ इच्छीत नाही. पैका लागत नसला तरी दुसरे मोल द्यावे लागेच. घाटात कोणाचा गाडा आधी सुटावयाचा हे मानपानावर ठरे, आणि मानपान म्हणजे वतन, भाऊबंदकी व जात यांचा जुना गुंता. ज्याच्या दावणीला चार बैलच नाहीत त्या अल्पभूधारकाचा अगर बलुतेदाराचा गाडा त्या काळीही पळत नव्हता, तो बांधावर उभा राहून शिट्ट्याच वाजवीत होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकीही गेली, आणि मानाच्या जागी हळूहळू चिठ्ठी आली. आज त्या चिठ्ठीस टोकन म्हणतात. सकाळच्या थंड वेळची बारी आपल्या वाट्यास यावी की भर दुपारच्या उन्हातली, हे ज्या टोकनावर ठरते ते कितीही दोषास्पद असले तरी पाटलाच्या भृकुटीपेक्षा न्याय्य आहे, असेच मी म्हणेन.

जुन्या व्यवस्थेत बैलाकडे राज्यसंस्था कोणत्या दृष्टीने पाही, याचा एक पुरावा कायद्याच्या पुस्तकात आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले आणि ज्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीचा कायदा झाला, त्या काळापासून कर्जबाजारी कुणब्याचे काय विकावे व काय विकू नये हा प्रश्न सरकारदरबारी चर्चिला जात होता. आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने शेतकऱ्याची अवजारे, बियाणे आणि उपजीविकेस आवश्यक तितकी जनावरे जप्तीतून मुक्त ठेविली. सुताराचा रंधा आणि कुणब्याचा बैल कायद्याने एकाच पंक्तीस बसविले, कारण दोन्हींवाचून माणूस पोट भरू शकत नाही हे दिवाणी न्यायालयास मान्य होते. घाटात पळणारा तो हा जप्तीमुक्त बैल होता. त्याची किंमत त्याच्या कामावरून ठरे, त्याच्या सेकंदांवरून नव्हे.

ही स्थिती पालटली ती एखाद्या हुकमाने नव्हे, पाण्याने. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, त्यांपैकी डिंभ्याच्या जलाशयात ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते जुने आंबेगावच बुडाले, आणि कालवे जसजसे पूर्वेकडे सरकत गेले तसतशी बाजरी-हुलग्याच्या रानांत ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे उभी राहिली. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजाराचे नाव परप्रांतांत पोचले. विहिरीवर आधी इंजिन आणि मग विजेची मोटर बसली, तेव्हा मोट गेली. शेतात ट्रॅक्टर आला, तेव्हा नांगर गेला. आणि गोठ्यात संकरित गाय आली, तेव्हा घरच्या गाईच्या पोटी घरचा बैल निपजण्याची परंपराही खुंटली, कारण त्या गाईचे खोंड ना नांगरास उपयोगी ना घाटास. पळावयास बैल हवा तो खिलार, आणि खिलाराचे मूळ स्थान सांगली-सोलापूरकडील माणदेशी मुलुखात. तेव्हा तो तिकडून आणावयाचा अगर चाकणच्या शनिवारच्या आणि बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात दाम मोजून घ्यावयाचा. शेतीने बैल सोडला, पण शौकाने तो सोडला नाही. आणि पूर्वी जो खर्च नांगराच्या नावावर पडत होता तो सगळाच्या सगळा आता अकरा सेकंदांच्या नावावर पडू लागला. आजच्या सर्व महागाईचे मूळ मला येथे दिसते. बाकीची कारणे ही याची पिलावळ होय.

हा प्रकार केवळ आपल्याच मुलखातला आहे असे मात्र समजू नये. लंडनहून ब्रायटनला जुन्या मोटारी नेण्याची जी प्रथा इंग्रजांनी १८९६ च्या एका मिरवणुकीच्या स्मरणार्थ १९२७ पासून चालविली आहे, तीत १९०५ पूर्वी घडविलेल्याच मोटारीस प्रवेश मिळतो. दिल्लीस स्टेट्समन वृत्तपत्राने १९६४ मध्ये जुन्या मोटारींची अशीच मिरवणूक सुरू केली. या मोटारी एके काळी कोणा डॉक्टरास रोग्याच्या घरी पोचवीत होत्या. आज त्यांस कोणतेच काम नाही, आणि काम नाही म्हणूनच त्यांचा सुटा भाग, त्यांचा कारागीर व त्यांची निगा ही सामान्याच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. अशी मोटार अनेकदा दुसऱ्या वाहनावर लादून मैदानापर्यंत नेली जाते. जो बैल पूर्वी माणसांना यात्रेस ओढून नेई तोच आज पिकअपमध्ये उभा राहून यात्रेस जातो, हे पाहिले म्हणजे दोन्हीकडील हौशी माणसांचे दुःख एकाच जातीचे आहे, हे पटावे.

आता आजच्या गाडामालकाचा जमाखर्च पाहू. खर्चाच्या बाजूस सर्वांत वर बैल. घाटात नाव काढलेल्या खिलाराची किंमत लाखांत सांगितली जाते, आणि दहा लाखांच्या वरचा व्यवहार हाही वर्तमानपत्रांत आता नवलाचा मथळा राहिलेला नाही. असे बैल चार हवेत. त्यांच्याखेरीज घोडी हवी, आणि घाटाची सवय असलेली घोडी व तिच्यावर बसणारा निष्णात स्वार ही दोन्ही दुर्मीळ झाल्यामुळे त्यांचा भाव वेगळाच. खुराकात पेंड-भुशाबरोबर दूध, अंडी, उडदाची डाळ, गोठ्यावर राबता गडी, पिकअपचे भाडे, बैल जुंपण्यास धरणारी दहा-पंधरा बळकट पोरे व त्यांचे जेवणखाण, जिंकल्यास गुलाल, वाजंत्री, गावातून मिरवणूक आणि चौकात मोठा फलक, ज्यावर बैलाच्या चित्राहून मालकाचे चित्र मोठे असते. (हरल्यास यांतील शेवटच्या बाबी तेवढ्या वाचतात.) जमेच्या बाजूस मुख्यतः बक्षीस. ते इतर गाड्यांबरोबर विभागून मिळते, कारण तितक्याच सेकंदांत आलेले गाडे एकाच क्रमांकात धरण्याची येथील रीत आहे. दिवसातील सर्वांत कमी वेळ लावून घाटाचा राजा ठरलेल्या एखाद्यासच काय तो खर्च निघाल्याचा भास व्हावा. या सगळ्या यादीत प्रवेशाची रक्कम किंवा टोकनाचा खर्च हा शेवटून पहिला. तरी लोक त्याच्याच नावाने बोटे मोडतात, कारण तेवढीच एक रक्कम दुसऱ्याच्या हातावर ठेवावी लागते. बाकीची आपण आपल्या हौसेने उधळलेली असते, आणि हौसेच्या खर्चाचा हिशेब कोणी कोणास विचारीत नाही.

या ओझ्यावर रयतेने आपल्यापुरता एक तोडगा काढला आहे, आणि तो मला या प्रथेतील सर्वांत सुजाण भाग वाटतो. एका घराच्या दावणीला चारही बैल परवडत नाहीत, म्हणून दोन-तीन गावच्या मालकांनी आपापले बैल एकत्र करून एक गाडा जुंपावयाचा, त्यास जुगलबंदी म्हणतात. पुकारा होतो तेव्हा ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांची नावे क्रमाने घेतली जातात, आणि एखाद्या नावाचा क्रम मागेपुढे झाला तर बारी संपल्यावर भांडण बारीपेक्षा पुष्कळच अधिक वेळ चालते. तथापि इर्जिकीच्या जुन्या चालीचे, म्हणजे एकमेकांचे बैल एकमेकांच्या रानात नेऊन नांगरट उरकण्याच्या चालीचे, जे काही उरले आहे ते या जुगलबंदीतच उरले आहे.

यात्रेच्या अर्थकारणाचाही येथे विचार केला पाहिजे, कारण गाड्यांचे बक्षीस हे यात्रेच्या खर्चातील एक कलम असते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन आपल्या यात्रेची सुपारी ठरवून जातात. विठाबाई भाऊ मांग यांच्या या गावी आजही हा व्यवहार चालतो. तमाशा, गाडे, कुस्त्यांचा आखाडा, देवाची पालखी आणि भंडारा या सगळ्यांचा खर्च घरटी पट्टी घालून, म्हणजे लोकवर्गणीतून, निघत असे. पट्टीची रक्कम लहान असे म्हणून बक्षीसही लहान असे. मुंबईच्या बाजारपेठांत आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेलेल्या चाकरमान्यांची भर त्यात पडली तेव्हा आकडा वाढला. आणि नंतर जमिनीच्या व्यवहारांत पैसा मिळविलेले लोक व निवडणुकीचे उमेदवार दाते म्हणून पुढे आले तेव्हा त्या आकड्यास लगाम राहिला नाही. जे बक्षीस गावाने दिले ते गावाच्या ऐपतीचे असते. जे एका दात्याने दिले ते त्याच्या महत्त्वाकांक्षेच्या मापाचे असते, आणि त्या मापाचा बैल दावणीस बांधण्यासाठी मग साध्या शेतकऱ्यास जमीन गहाण टाकण्याचा मोह होतो.

अशा अवस्थेत कायदा आला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चाच. पण ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने त्याच्या २२ व्या कलमाखालील अधिसूचनेत, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्या अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. उसाच्या फडात बिबट्या ज्यांच्या रोजच्या भीतीचा विषय आहे, आणि माणिकडोहला त्याच बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, त्या जुन्नरच्या लोकांस आपला बैल व तो बिबट्या एकाच यादीत गेलेले पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करावी! १९०८ मध्ये जो अवजारांच्या पंक्तीस होता तो शंभर वर्षांनी श्वापदांच्या पंक्तीस बसला. तथापि यादी करणाऱ्यांचे सर्वस्वी चुकले असे मला म्हणवत नाही. बैलास काठी, चाबूक, टोचणी आणि विजेचा झटका देणारी यंत्रे लावण्याचे प्रकार होत होते, आणि ते जसजसे बक्षीस वाढले तसतसे वाढले. जो बैल उद्या नांगरास हवा आहे त्याला आज कोणी जायबंदी करीत नाही. ज्याला उद्या कामच नाही त्याच्याबाबत हा संयम सुटतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी उचलून धरली, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्याच्या निकालात जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्याच्या शर्यतीही देशभर बंद केल्या. २०१६ च्या जानेवारीत केंद्राने दिलेली सवलत आठवड्याच्या आत स्थगित झाली; २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. मध्यंतरी २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने म्हाताऱ्या बैलाचा बाजारही बंद केल्यामुळे, ज्यास पळविता येत नाही आणि विकताही येत नाही असा बैल पोसत बसण्याची पाळी मालकावर आली. पुष्कळांनी दावणी मोडल्या. ज्यांनी मोडल्या नाहीत ते ऐपतीचे होते. आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींस मुभा दिली तेव्हा घाटाच्या तोंडाशी जी मंडळी सज्ज उभी होती त्यांत साध्या कुणब्यांची संख्या अर्थातच घटलेली होती. बंदीने शौक मारला नाही, त्याची गाळणी केली.

नव्या व्यवस्थेत आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा, ५०,००० रुपयांची अनामत भरावयाची, धाव १,००० मीटरच्या आत ठेवावयाची, प्रत्येक बैलाचा पशुवैद्यकीय दाखला घ्यावयाचा आणि शर्यतीचे चित्रीकरण सादर करावयाचे. नियम मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीस १ जानेवारी २०२२ रोजी व्हावयाची शर्यत करोनाच्या कारणाने ऐनवेळी रद्द झाली. फेब्रुवारीत शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी खेड तालुक्यातील निमगावच्या खंडोबाच्या घाटात गाड्यापुढे घोडीवर बसून निवडणुकीतील आपले वचन पुरे केले. आणि मेअखेरीस पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या घाटात बक्षीस म्हणून जेसीबी यंत्र, बोलेरो मोटार आणि ट्रॅक्टर मांडलेले लोकांनी पाहिले. ज्या ट्रॅक्टराने बैलास शेतातून घालविले तोच बैलास बक्षीस! त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लम्पीच्या साथीमुळे बाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली, आणि कायद्याचा प्रश्न मिटला.

खर्चाचा प्रश्न मात्र कोणत्याही घटनापीठापुढे जाणार नाही. तो यात्रा कमिटीपुढेच सुटला तर सुटेल. दाखले, अनामत आणि चित्रीकरण यांचा बोजा एकंदरीत अल्प आहे, व जनावराच्या दृष्टीने तो योग्यच आहे. त्यात सूट मागू नये. सूट मागावयाची तर ती बक्षिसाच्या आकड्यास मागावी. जुन्नर आणि आंबेगावच्या यात्रा कमिट्यांनी दात्याकडून यावयाच्या बक्षिसास मर्यादा घालावी, दिवसाच्या पहिल्या काही बाऱ्या गावच्या नवसाच्या गाड्यांसाठी विनामूल्य राखाव्यात, आणि यात्रेचा जमाखर्च पूर्वीप्रमाणे देवळाच्या भिंतीवर लावावा. ज्यांच्या घरी वडिलांच्या वा आजोबांच्या वेळच्या वर्गणीच्या वह्या, गाड्यांची हस्तपत्रके अगर बैल खरेदीच्या पावत्या असतील त्यांनी त्या रद्दीत न घालता गावच्या वाचनालयात नेऊन द्याव्यात.